दुवा

सोमवारी पाटी उघडली तर तीनशे बारा कामं,
एकमेकांना ओळख न देणारी,
लग्नाच्या हॉलात दोन्हीकडची माणसं बसतात तशी.

'पावती छापली जात नाही', लिहिणार कुलदीप.
'प्रिंटर रुसलाय', लिहिणार फरझाना.
'गिऱ्हाईक ओरडतंय, बघा कुणीतरी', हे अर्थात केळुसकर.
तिघांचं दुखणं एकच.
मी पहिल्याला थोरलं ठरवलं,
बाकी दोघांवर लिहिलं, हेच ते.
दोन चौकोन राखाडी झाले.
दुपारी केळुसकर विचारत आला, माझं काम कुणी मारलं?
मारलं नाही रे,
मिळवलं.

वागळे इस्टेट, चौथा मजला.
माझी खुर्ची आहे त्याच्या बरोब्बर खाली, जमिनीवर,
पूर्वी लेथ होतं म्हणे.
हे सांगणारे घाडीगावकर लिफ्टपाशी बसतात,
याच प्लॉटवर बावीस वर्षं पंप बनवत होते.
म्हणजे ते स्वतः काही बनवत नव्हते.
कुठलं काम कुठे अडलंय
ते हुडकत फिरायचं, ही त्यांची नोकरी.

भिंतभर खिळे, सांगतात, खिळ्याला कार्ड.
शाफ्टचं, इम्पेलरचं, केसिंगचं.
शाफ्टच नाही तर इम्पेलर बसणार कशावर?
म्हणून या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत दोरा.
लाल, अडलेल्याला.
पांढरा, नुसत्या ओळखीला.
लाल दोरे फार झाले की साहेब भिंतीकडे बघायचेच नाहीत.

मी वर येऊन लाल दोरे ओढू लागले.
पावती अडली मराठी अक्षरांसाठी,
अक्षरं अडली परवान्यासाठी,
परवाना अडला सहीसाठी,
सही अडली देवस्थळी साहेबांसाठी,
आणि देवस्थळी साहेब म्हणतात,
आधी छापलेली पावती दाखवा, मग सही.
शेवटचं टोक पहिल्याला बांधायला गेले
तर पाटीनं हात धरला:
असा दुवा जोडता येत नाही.

यंत्राला जे दिसलं
ते आम्हाला तीन महिने दिसलं नव्हतं.
रोज सकाळी उभ्याउभ्या प्रत्येक जण
'माझ्याकडून झालंय' म्हणत होता,
आणि खरंच
प्रत्येकाकडून झालेलं होतं.

डबा खाताना खाली जाऊन विचारलं, गोल झाला तर?
घाडीगावकरांनी आधी ताकाची पिशवी संपवली.
मग म्हणाले, लाकडाचा शाफ्ट घालायचो.
खोटा. फिरायचा नाही,
पण बाकीचं बसवून तर बघता यायचं.
आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं, लाकूड.
ते लिहायला विसरलात तर मेलात.

कुलदीपनं रात्री पावतीचं चित्र काढलं,
एकेक काना, एकेक वेलांटी हातानं बसवत.
कोपऱ्यात मी लिहायला लावलं, लाकूड.
देवस्थळी साहेबांनी चष्मा वर केला, विचारलं,
हे काय नवीन?
आणि सही केली.

शुक्रवारी काकांना वर नेलं, पाटी दाखवली.
बटणावरची अक्षरं त्यांनी सावकाश वाचली: दुवा जोडा.
आमच्यात दुवा देतात, म्हणाले,
आणि खुर्चीवर बसले नाहीत.

कंपनी बंद झाली तेव्हा भिंत यांनीच उतरवली.
शेवटी एक कार्ड राहिलं, सात नंबरचा पंप.
त्याला लाल दोरा,
दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला
नुसता खिळा.
कशासाठी अडला होता?
काका आठवत राहिले.
मागे केळुसकर हाका मारत होता,
कुणीतरी बघा, कुणीतरी बघा.